जोडावर पडलेला भांग

प्रश्न : आमच्या १२ बाय १८ फुटांच्या गच्चीवर दिवाळीत कृत्रिम गवत टाकून घेतलं. लांबीला दोन पट्टे आहेत. मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ दिसते आणि एक पट्टा दुसऱ्यापेक्षा गडद वाटतो. कारागीर म्हणाला, पायाखाली आलं की बसेल. चार महिने झाले, बसलं तर नाहीच, उलट एका टोकाला जोड उचकटलाय. सगळं नवीन टाकावं का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : ताई, नवीन अजिबात आणू नका. गवतात खोट नाही.

आधी रंगाचं. मखमलीचा ब्लाउज शिवताना एक बाही उलट्या लवेची कापली, तर ती वेगळ्या रंगाची दिसते ना? तसंच झालंय. गवताची पाती एका बाजूला कललेली असतात. हात फिरवून बघा, एका पट्ट्याची लव दाराकडे, दुसऱ्याची कठड्याकडे निघेल. माझ्या मेव्हण्याच्या गच्चीवर मी स्वतः हा घोळ घातला होता. अजून जेवायला बसलो की विषय निघतो. एक पट्टा सोडवून नुसता टोकाकडून टोकाकडे फिरवायचा, दाराकडचं टोक कठड्याकडे. पाण्याच्या पाइपसाठी त्यात खाच कापली असेल तर मात्र ती भलतीकडे येईल, तिथे उरलेल्या तुकड्याचं ठिगळ लावावं लागेल.

आता भांग. रोल २ मीटर रुंद येतो आणि त्याच्या दोन्ही काठांना बिनगवताची पट्टी असते. बहुतेक ती न कापताच काठाला काठ लावलाय. जोडाच्या दोन्ही काठांवरून ही पट्टी आणि गवताची एकेक ओळ काढून टाका. गवत पालथं घालून, मागून, दोन ओळींच्या मधून धारदार ब्लेडने कापा. वरून कात्री चालवलीत तर पाती छाटली जातील आणि भांग कायमचा राहील. मग पट्टे जवळ आणा, पण अगदी खेटवू नका. पट्ट्याच्या आत दोन ओळींत जेवढं अंतर आहे, तेवढंच जोडावर हवं. कमी पडलं तर उंचवटा येतो, जास्त झालं तर पुन्हा रेघ. कापल्यामुळे भिंतीकडे बोटभर फट पडेल, तिथे कुंड्या मांडा.

चिकटवण्याआधी गवत रात्रभर मोकळं पसरून ठेवा, सुरकुत्या सुटतात. दोन्ही काठ मागे दुमडून खाली निदान सहा इंच रुंद जोडपट्टी टाका आणि तिच्यावर गवतासाठीचं, दोन भाग मिसळून वापरायचं पीयू (पॉलीयुरेथेन) ॲडेझिव्ह पसरा. सुताराचा पांढरा गोंद नको, पाण्याने सुटतो. फरशी कोरडी ठणठणीत हवी. तुमचं टोक ओलीवर चिकटवल्यामुळेच उचकटलं असावं. काठ एका टोकापासून वीतवीतभर सोडत जा आणि दुसऱ्या हाताने पाती वर विंचरत राहा. एक पातं जरी गोंदात अडकलं तरी तिथे टक्कल दिसतं. यात घाई करणारा माणूस मी कामावर ठेवत नाही.

जोडावर विटा ठेवा, दिवसभर नातवंडांना गच्चीवर सोडू नका. दुसऱ्या दिवशी ताठ केसांच्या झाडूने लवेच्या उलट झाडा.