स्वतःचा फॉर्म शेवटचा कधी वाचलास?

प्रश्न : ताई, यूपीएससीची मेन्स निघाली, इंटरव्ह्यूचा कॉल आलाय, पहिलीच वेळ आहे. पेपर मराठीतून लिहिलेत आणि इंटरव्ह्यूही मराठीतूनच देणारे. सगळे घाबरवतायत. करंट अफेअर्सचं इतकं मटेरियल जमलंय की संपतच नाहीये. तिथे नेमकं काय होतं, आणि उत्तर आलंच नाही तर? आई विचारतेय साडीच नेसायची का.

उत्तर : अगं आधी अभिनंदन! आता ते मटेरियल जरा बाजूला ठेव आणि तू भरलेला डीएएफ काढ, तो डिटेल्ड फॉर्म, कारण इंटरव्ह्यू घेणाऱ्या बोर्डाच्या हातात तुझ्याबद्दल तेवढाच कागद असतो, मेन्सला किती मार्क पडले तेही त्यांना माहीत नसतं. नाव, जिल्हा, डिग्रीचा विषय, नोकरी केली असशील तर ती का सोडली, छंद, सगळं त्यातूनच निघतं. छंदात ट्रेकिंग लिहिलंयस ना, मग कळसूबाई किती उंच (१६४६ मीटर) एवढ्यावर सुटका नाही, गडावर सुट्टीच्या दिवशी जी गर्दी आणि प्लास्टिक होतं त्याचं तू कलेक्टर असतीस तर काय केलं असतंस, इथपर्यंत गाडी येते. आणि उगाच शोभेला काही लिहिलं असशील तर आत्ताच त्याचा अभ्यास कर, आता फॉर्म बदलता येत नाही!

आयोगाच्या जाहिरातीतच लिहिलंय की ही उलटतपासणी नाही, दिशा असलेल्या सहज गप्पा आहेत, ज्ञान तर पेपरात तपासून झालेलं असतं. त्यामुळे येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही सर’ म्हण. अंदाज असेल तर ‘अंदाजाने सांगू का’ विचारून सांग. थापा मारू नकोस, समोर एक चेअरमन आणि बहुतेक वेळा चार मेंबर असतात, त्यातला एक तरी त्या विषयातला निघतोच.

मराठीची भीती मला पटत नाही. दुभाषी असतो. खरी अडचण होते ती आपल्या लांबलचक वाक्यांची. माझ्या तयारीत मैत्रीण दुभाषी व्हायची, मी एकदा ऐटीत ‘परकीय गंगाजळी’ म्हणाले तर ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच बसली, मग मी गुपचूप फॉरेक्स रिझर्व्ह म्हणाले. तेव्हा आखूड वाक्य, मग श्वास, मग पुढचं वाक्य. टेक्निकल शब्द इंग्रजीच राहू दे, कोणी मराठीचा पेपर तपासत नाहीये. ही प्रॅक्टिस मोठ्याने कर, मनातल्या मनात सगळ्यांचंच छान होतं.

त्या दिवसाचं म्हणशील तर दिल्लीत शाहजहान रोडवर धोलपूर हाऊस, म्हणजे आयोगाचं ऑफिस, सकाळचं किंवा दुपारचं सेशन, मोबाइल बाहेर जमा, मग कागदपत्रं. जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट, डिग्री, आणि जातीचा किंवा नॉन क्रिमीलेअरचा दाखला असेल तर तो केंद्राच्या नमुन्यातला हवा, राज्याचा घेऊन गेलीस तर ऐनवेळी पळापळ. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघ. त्यानंतर नुसती वाट बघणं. आत जेमतेम अर्धा तास जातो पण तुझा नंबर शेवटचा लागला तर बाहेर बसूनच अर्धा जीव जातो, शेजारचे काय पाठ करतायत ते ऐकत बसू नकोस.

मार्कांचं थोडक्यात. मेन्स १७५०, इंटरव्ह्यू २७५, एकूण २०२५. इंटरव्ह्यूत पास-नापास नसतं, मिळतील ते टोटलमध्ये जातात.

आईला सांग साडीच पाहिजे असं काही नाही, साधा सलवार-कुर्ताही चालतो. जे काय घालशील ते आधी घरी दोन तास घालून बस, पदर किंवा ओढणी सारखी सावरावी लागत असेल तर दुसरं काढ. आणि तिकीट फेकू नकोस, प्रवासाचे पैसे आयोग देतं, मात्र ट्रेनच्या सेकंड किंवा स्लीपर क्लासच्या भाड्याइतकेच, विमानाने गेलीस तरी.