वाळूच्या टोकावरचे गोडे पाणी

प्रश्न : उत्तरायणाचे पतंग उतरल्यावर आम्ही बडोद्याहून रामेश्वरच्या यात्रेला गेलो होतो. धनुष्कोडीला सेतूची वाळू घेतली. ती आता प्रयागला त्रिवेणीत सोडायची आहे. वाटाड्याने सांगितले, की येथे दोन समुद्र भेटतात, पण त्यांचे पाणी कधीही एकमेकांत मिसळत नाही. हे खरे का? दुसरे असे, की किनाऱ्यापासून पन्नास-साठ पावलांवर एक बाई वाळूत हातभर खड्डा करून करवंटीने घागर भरत होत्या. मी ओंजळभर चाखून पाहिले, तर पाणी गोडे! दोन्हीकडे खारा समुद्र असताना ते आले कोठून?
– एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक मोलाचा आहे, परंतु ती जागा कशी आहे हे कळल्याखेरीज त्याचा उलगडा होणार नाही, म्हणून क्रम आपलाच ठेवतो.

रामेश्वरचे बेट आग्नेयेकडे निमुळते होत जाते आणि त्याचा शेवट वाळूच्या एका लांब जिभेत होतो. धनुष्कोडी म्हणजे धनुष्याचे टोक. तमिळ लोक या जिभेच्या अगदी शेवटच्या जागेला अरिचल मुनै म्हणतात. तेथून श्रीलंकेतले तलैमन्नार सुमारे 30 किलोमीटरवर आहे, आणि मधल्या उथळ समुद्रात वाळूच्या बेटांची व दांड्यांची जी माळ पसरली आहे, तिलाच आपण सेतू म्हणतो. या जिभेच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचे आखात आहे. परंपरेने यांना महोदधी आणि रत्नाकर अशी नावे आहेत; तिथले कोळी मात्र उत्तरेच्या समुद्राला बाई-समुद्र आणि दक्षिणेच्या समुद्राला पुरुष-समुद्र म्हणतात. पाल्कचा उपसागर इतका उथळ आहे, की बहुतेक ठिकाणी त्याची खोली दहा-बारा मीटरच्या आतच असते; मन्नारचे आखात दक्षिणेकडे खोल होत हिंदी महासागराला मिळते.

आता वाटाड्याचे म्हणणे. पाणी मिसळत नाही, ही समजूत चुकीची आहे. ऑक्टोबरपासून ईशान्येचे वारे सुरू झाले, की उत्तरेचा समुद्र खवळतो, त्याचा उथळ तळ ढवळून पाणी गढूळ होते आणि सेतूच्या फटींतून व रामेश्वर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पांबनच्या खाडीतून ते दक्षिणेकडे वाहू लागते. मे-जूनपासून नैर्ऋत्येचे वारे लागले, की हाच खेळ उलटा होतो. आपण पौषात गेलात, म्हणजे बाई-समुद्र खवळलेला आणि पुरुष-समुद्र शांत, असे नावाच्या उलट दृश्य आपल्याला दिसले असणार. गढूळ आणि निळे पाणी जेथे भेटते तेथे काही काळ स्पष्ट रेघ दिसते खरी. पण ती रेघ म्हणजे मिसळण्याची क्रिया चालू असल्याचीच खूण होय.

या उलटसुलट वाऱ्यांनीच ती जीभ घडवली आहे. लाटा किनाऱ्याला तिरप्या येतात, वाळूचे कण थोडे पुढे ढकलतात, परतताना सरळ खाली ओढतात, आणि असा प्रत्येक कण नागमोडी वाटेने किनाऱ्याकडेने सरकत राहतो. जेथे जमीन संपते तेथे प्रवाहाचा जोर मोडतो व वाळू खाली बसते. म्हणून टोकाचा आकार ऋतूगणिक बदलतो. आपण जेथे उभे राहून नमस्कार केलात, ती नेमकी जागा आषाढात कदाचित पाण्याखाली असेल.

बडोद्याच्या वाचकांना समुद्र म्हटला, की बहुधा कावी-कंबोईचा स्तंभेश्वर आठवतो, जेथे भरतीचे पाणी शिवलिंगाला रोज दोनदा बुडवते. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे असल्याने तेथे मोठ्या भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो, आणि मही, नर्मदा या नद्यांचा गाळ त्यात कालवला जाऊन किनारा चिखलाचा होतो. धनुष्कोडीला हा फरक मीटरभरही नसतो व मोठी नदी जवळ नाही. तेथे भरतीपेक्षा वाऱ्याचे आणि लाटांचे राज्य चालते, म्हणून चिखल नाही, नुसती वाळू.

आणि वाळू आहे म्हणूनच ती घागर भरली. त्या बेटावरचा बहुतेक पाऊस आपल्यासारखा आषाढ-श्रावणात न पडता ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. वाळूवर पडलेले पाणी वाहून न जाता थेट आत मुरते. खाली समुद्राचे खारे पाणी वाळूत आधीच भरलेले असते. पण ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने पावसाचे पाणी त्याच्यावर तरंगत राहते, मसुरीच्या डाळीसारख्या आकाराचा, मधे जाड व कडांना पातळ असा थर धरून. बादोन खायबेन या डच आणि हर्त्सबर्ग या जर्मन अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी, स्वतंत्रपणे, याचा हिशेब मांडला : गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीहून जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट ते खाली पोचते. म्हणजे वीतभर उंचीचे पाणी खाली सात-आठ मीटर गोडे राहू शकते. प्रत्यक्षात दोन्ही पाणी सीमेवर थोडे मिसळते, त्यामुळे थर त्याहून पातळ असतो.

त्या बाईंनी खड्डा हातभरच का केला, हे यातून ध्यानात येईल. अधिक खोल खणले किंवा पंप लावून झपाट्याने उपसले, तर खालचे खारे पाणी सुळक्यासारखे वर चढते आणि खड्डा नासतो. करवंटीने, झिरपेल तितके, थांबून थांबून घ्यायचे, हाच तिथला नियम आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. एकनाथ महाराजांनी रामेश्वराला नेत असलेल्या कावडीतली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपल्याला पाठच आहे. त्या कावडीच्या मुक्कामाच्या ठिकाणी वाळूने स्वतःची अशी एक कावड भरून ठेवली आहे, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

प्रश्न : धनुष्कोडी 1964 साली समुद्रात बुडाली म्हणतात. मग आज मोटार टोकापर्यंत कशी जाते? आणि इतक्या वाऱ्यात वाळू उडून कशी जात नाही?
– भूगोलाचा विद्यार्थी, सयाजीगंज, बडोदा

उत्तर : गाव बुडाले, पण जीभ उरली. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने समुद्राचे पाणी रेटून गावावर घातले. पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी प्रवाशांसह त्यात गेली आणि सरकारने ती जागा वस्तीस अयोग्य ठरवली. स्थानक व चर्च यांचे भग्नावशेष आजही वाळूत उभे आहेत. कोळ्यांच्या झोपड्या तेथे आहेतच. टोकापर्यंतचा डांबरी रस्ता 2017 साली झाला, त्यापूर्वी वाळूतून गाडी हाकावी लागे.

वाळू उडते, रस्त्यावरही येते. पण वनस्पती तिला बऱ्याच अंशी बांधून ठेवतात. जांभळ्या फुलांची मर्यादवेल (नाव किती चपखल!) आपल्या लांब धावत्या फांद्यांना पेरापेरांवर मुळे फोडत पसरते. तिच्यासोबत टोकदार पानांचे एक गवत असते, ज्याला तमिळमध्ये ‘रावणाच्या मिशा’ म्हणतात. त्याचे काटेरी गोल गेंद वाऱ्याबरोबर वाळूवर गडगडत जातात, विखरतात आणि बी पेरतात. कोकणात गेलेल्यांनी मर्यादवेल पाहिली असेलच. पर्यटकांची वाहने या वेलींवरून गेली, की वाळू मोकळी होते, टेकाडे खचतात, आणि टेकाडाखालचा गोड्या पाण्याचा थरही तेवढाच पातळ होतो.

प्रश्न : रामेश्वरात पाण्यावर तरंगणारे दगड पाहिले. ते कसले? एखादा आणता येतो का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : त्यांतले बरेचसे प्रवाळाचे असतात. प्रवाळाचा सांगाडा सच्छिद्र असतो, आणि छिद्रांत हवा कोंडलेली असेपर्यंत काही तुकडे तरंगतात. मन्नारच्या आखातातील 21 बेटांभोवती असे प्रवाळ आहेत. तेथे 1986 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आणण्याचा विचार मात्र सोडावा. दगडी प्रवाळांना 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे तेच, संरक्षण आहे, आणि ‘दुकानातून विकत घेतला’ हे कारण कायद्यापुढे चालत नाही.