अंतर तेच, मग जाताना दहा तास आणि येताना नऊ कसे?

प्रश्न: नमस्कार सर, मी साताऱ्याचा, रिटायर्ड शिक्षक. मुलगी लंडनला असते, जानेवारीत मी आणि बायको पहिल्यांदाच तिच्याकडे चाललोय, मुंबई ते हीथ्रो डायरेक्ट. एका वेबसाईटवर दोन्ही एअरपोर्ट टाकले तर ७२०० किमी आणि ८ तास दाखवतंय. तिकिटावर मात्र दुपारी १.१५ ला निघून संध्याकाळी ५.४५ ला पोचणार, म्हणजे साडेचारच तास?? आणि येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०, म्हणजे साडेचौदा! नक्की किती वेळ बसायचंय? बायकोचे गुडघे दुखतात म्हणून विचारतोय.

उत्तर: काका, जाताना दहा तास, येताना नऊ. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणून जाताना साडेचारमध्ये साडेपाच मिळवायचे आणि येताना साडेचौदातून साडेपाच वजा करायचे. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच, तेव्हा परतीचं तिकीट एप्रिलचं असेल तर हिशोब बदलेल.)

आता ते ७२०० किमी. आकडा बरोबर आहे, पण ते पृथ्वीगोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. तुमच्या शाळेत पृथ्वीगोल असेलच, त्यावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा, भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर मधला टप्पा सीरियाच्या आसपास येतो पण दोरा मात्र कराचीजवळून इराण, मग जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. आणि विमान त्या दोऱ्यावरून जाऊ शकत नाही, हाच खरा मुद्दा आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं त्यामुळे त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागायला लागला. वेबसाईटला यातलं काहीच माहीत नसतं, ती ७२०० ला ९०० ने भागते आणि ८ तास म्हणून मोकळी होते, लोक त्यावर विसंबून पुढची गाडी बुक करतात याचं मला फार वाईट वाटतं.

येताना एक तास कमी लागतो तो वाऱ्यामुळे. विमान उडतं त्या दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तर काही पट्ट्यांत तो ताशी २०० किमीच्याही वर जातो. सगळ्या वाटेवर सरासरी नुसता ६० धरला तरी जाताना ९०० चा वेग जमिनीवर ८४० पडतो आणि येताना ९६०, म्हणजे ७२०० किमीला एकीकडे साधारण ८ तास ३५ मिनिटं आणि दुसरीकडे साडेसात. उरलेला वेळ वळशात, रनवेपर्यंत रांगेत जाण्यात आणि हीथ्रोवर उतरायच्या आधी घिरट्या घालण्यात जातो, तिथे गर्दीच एवढी असते की विमानांना शहराबाहेर ठरलेल्या चार जागी गोल फिरवत ठेवतात. तिकिटावरची वेळ या गेटपासून त्या गेटपर्यंतची असते, हे सगळं धरूनच, त्यामुळे विश्वास तिच्यावर ठेवा.

काकूंसाठी कडेची म्हणजे आइलची सीट आत्ताच घेऊन ठेवा, दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालू देत. व्हीलचेअरसुद्धा आधीच सांगून ठेवा, त्यात संकोच नको, हीथ्रोला आत बरंच चालावं लागतं. मुलीला पावणेसहाला नाही तर सात-सव्वासातला यायला सांगा, इमिग्रेशन आणि बॅगा यात तेवढा वेळ सहज जातो.