कार्ड आपलं, खरेदी जावयाची: पैसे परत मागायचे कसे?

समुपदेशनाला आलेल्या एका प्राथमिक शिक्षिकेची ही अडचण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नणंदेच्या नवऱ्याचं तालुक्याच्या गावी छोटं दुकान आहे. "वहिनी, माल उचलायचाय, दोन महिन्यांत फेडतो," असं म्हणून त्यांनी कार्डाचा फोटो मागवला, ओटीपीही विचारून घेतले. मार्च-एप्रिलमध्ये १,४०,००० रुपयांची खरेदी झाली. मे महिन्यात २०,००० परत आले आणि मग फोन उचलणंच बंद झालं. सासूबाईंचं म्हणणं एकच: "जावयाकडे पैसे मागितले तर लेकीला तिकडे त्रास होईल." बाई स्वतःच्या पगारातून दर महिन्याला बिलावरची 'किमान देय रक्कम' भरत राहिल्या.

खरं नुकसान या किमान रकमेनंच केलं. कार्डाचं व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी. १,२०,००० च्या बाकीवर पहिल्याच महिन्यात सुमारे ४,९५० रुपये चढले. बाईंनी सव्वासहा हजार भरले, त्यातले मुद्दलाला लागले जेमतेम तेराशे. पाच महिन्यांत ३० हजार गेले आणि बाकी राहिली १,१४,००० च्या आसपास. भरीला, मागची बाकी शिल्लक असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे त्याच कार्डावरच्या घरच्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं.

शेजारून सल्ला आला होता की 'हे व्यवहार मी केलेच नाहीत' असं बँकेला कळवून टाका. हे अजिबात करू नका. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाला संरक्षण देतात, पण आपणच माहिती दिली असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान आपलंच असतं. इथे तर संमतीनं ओटीपी दिला होता. हा व्यवहार अनधिकृत ठरतच नाही, आणि खोटी तक्रार उलट आपल्यावरच शेकते. बँकेच्या लेखी कर्जदार कार्डधारक. जावई तिच्या हिशेबात कुठेच नाहीत.

म्हणून पैसे वसूल करणं आणि कार्ड मोकळं करणं ही दोन कामं वेगळी ठेवायची, आणि कार्ड आधी. जावई पैसे देईपर्यंत थांबलं तर व्याज थांबत नाही. थकबाकी होण्याआधी विचारलं तर बँक बरेचदा बाकीचे हप्ते बांधून देते; थकल्यावर तीच सवलत मिळणं कठीण. या बाईंना याहून स्वस्त मार्ग होता, शिक्षकांची पतसंस्था. १२ टक्क्यांनी १,१४,००० चं कर्ज, १८ महिने, हप्ता साधारण ६,९५०. कार्डाची बाकी एका दिवसात शून्य झाली. त्याच दिवशी अ‍ॅपमधून ऑनलाइन व्यवहार बंद केले, खरेदीच्या साइटवर जतन असलेलं कार्ड आणि चालू ऑटो-डेबिट काढून टाकले आणि नंबर बदलून नवं कार्ड मागवलं. हे राहून गेलं तर भाऊजींच्या फोनमधून पुढची खरेदी व्हायला वेळ लागत नाही.

मग पुरावा. 'पैसे कधी देताय?' असा संदेश उपयोगाचा नसतो, कारण त्याच्या उत्तरात रक्कम येत नाही. बाईंनी आधी स्टेटमेंटवर भाऊजींची आणि घरची खरेदी वेगवेगळ्या रंगानं खुणावली. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: "भाऊजी, मार्च-एप्रिलमध्ये माझ्या कार्डावर तुम्ही घेतलेल्या मालाचे १,४०,०००. त्यातले २०,००० मिळाले. १,२०,००० आणि त्यावरचं व्याज बाकी आहे. यादी जोडली आहे. महिन्याला किती जमेल ते कळवा." दोन दिवसांनी उत्तर आलं: "हो वहिनी, दिवाळीनंतर बघतो." रक्कम नाकारली नाही, एवढंही पुष्कळ झालं. असं संभाषण पुसू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, तो फोनही विकू नका; कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही.

वसुलीचा दावा लावायची मुदत तीन वर्षांची. सावधपणे मोजायची तर पहिल्या खरेदीपासून मोजा. नात्यातले पैसे इथेच बुडतात: लग्न होऊ दे, बाळंतपण होऊ दे, मुलाची दहावी होऊ दे, असं करत तीन वर्षं सरतात. मुदतीच्या आत कर्जदारानं सही करून बाकी कबूल केली तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात.

बोलणार कोण, यावर घरात बरीच खळखळ झाली. नवऱ्यानं बहिणीला फोन करायचा, हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला. नणंदेनं कर्ज घेतलेलं नाही, ती देणं लागत नाही आणि तिला मध्ये घातलं की सासूबाईंची भीती खरी ठरते. बाई, त्यांचे पती, भाऊजी आणि भाऊजींचे थोरले बंधू असे चौघंच बसले. भाऊजींचा मुद्दा होता की व्याज चढतंय हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही. त्यात थोडं तथ्य होतं. बाईंचा एकूण खर्च, भरलेले ३० हजार आणि पतसंस्थेचे हप्ते धरून, १,५५,००० च्या घरात जात होता. १,४०,००० वर तडजोड झाली: महिन्याला ७,००० प्रमाणे २० हप्ते. पंधरा हजार सोडले, पण त्यात सही मिळाली. माझ्या मते सौदा चांगला झाला. व्याजाच्या शेवटच्या रुपयासाठी अडून बसणारे बरेचदा कागदाशिवाय परततात.

करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. त्यात वस्तूंची यादी, मिळालेले २०,०००, हप्त्याची तारीख १०, आणि सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय, हे कलम. साक्षीदार दोन, एक त्यांच्याकडचा. सोबत ७,००० चे २० चेक, प्रत्येकावर तारीख. एकच मोठा चेक घेऊ नये. अधेमधे थोडे पैसे मिळाले आणि तरी पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला तर चेक न वटल्याचा खटला टिकत नाही. चेक परत आलाच तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग १५ दिवस वाट, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार. यातली एक तारीख चुकली की चेकचा धाक अर्धा संपतो. परतफेड खात्यावरच घ्या. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्जाची परतफेड रोखीनं करणं आयकर कायद्याला चालत नाही.

समोरचा सहीच करत नसेल तर मागणीची नोटीस, स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा, कारण लेखी करार नसताना व्याज साधारणपणे अशा नोटिशीच्या तारखेपासूनच मागता येतं. पोलीस ठाण्यात बहुधा 'हा दिवाणी मामला आहे' असंच ऐकायला मिळतं. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवता आला तरच फौजदारी बाजू उभी राहते. त्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज, म्हणजे दावा लावण्याआधीच तडजोडीसाठीचा अर्ज, करावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. जावयाला 'कोर्टात खेचलं' असं गावात होत नाही, हाही फायदा.

इथे सहा हप्ते वेळेवर आले. सातवा चेक परत आला, तेव्हा बाईंनी नोटिशीचा मसुदा थोरल्या बंधूंना दाखवला आणि चार दिवसांत पैसे खात्यात जमा झाले. तेरा हप्ते अजून बाकी आहेत. पतसंस्थेचा हप्ता मात्र बाईंच्या पगारातून दरमहा कापला जातो, भाऊजींचा आला तरी आणि नाही आला तरी.