फक्त बटणांचा सपाट, मुक्त-स्रोत कंट्रोलर स्वतः बनवावा का?

आपण विचारले आहे की, अनेक वर्षे गेमपॅडवर फायटिंग गेम खेळून डावा अंगठा दुखू लागला आहे, तर मुक्त-स्रोत आराखड्यावरून फक्त बटणांचा सपाट कंट्रोलर स्वतः बनवावा का आणि त्याने खेळ सुधारेल का. बनवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळाविषयी मात्र जरा सविस्तर लिहावे लागेल. (दुखणे टिकून असेल, तर ते आधी डॉक्टरांना दाखवावे.)

या कंट्रोलरला जॉयस्टिक नसते. डाव्या हाताची अनामिका, मधले बोट आणि तर्जनी अनुक्रमे डावी, खालची आणि उजवी दिशा सांभाळतात. उडीचे बटण मध्यभागी खालच्या बाजूस असल्यामुळे ते उजव्या अंगठ्यानेही दाबता येते. आपल्याला त्याचाच सर्वाधिक उपयोग होईल. सपाटपणाचा लाभ मनगटाला मिळतो. आर्केडच्या ३० मिलिमीटर बटणांसाठी खोल पेटी लागते आणि हात तिच्यावर उचलून ठेवावा लागतो. कीबोर्डचे केल चॉक जातीचे बुटके स्विच वापरले, तर तळहात जवळपास टेबलालाच टेकलेला राहतो. शिवाय या स्विचचा पूर्ण प्रवास सुमारे ३ मिलिमीटर असतो, तर नेहमीच्या मेकॅनिकल स्विचचा ४.

वेगाच्या अपेक्षेने मात्र हा कंट्रोलर बनवू नये. फायटिंग गेमची एक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि यूएसबीवरून कंट्रोलरची विचारणा दर मिलिसेकंदाला होऊ शकते, त्यामुळे उशीर झाला तर तो बहुधा बोटांचा असतो. सुरुवातीचे काही आठवडे आपण गेमपॅडपेक्षा वाईटच खेळाल, हे धरून चालावे.

खरा फरक पडतो तो डावे आणि उजवे बटण एकाच वेळी दाबता येण्यामुळे. जॉयस्टिकवर हे अशक्य असते. इथे ते सतत घडते आणि अशा वेळी गेमला काय कळवायचे, हे फर्मवेअर (कंट्रोलरच्या चिपवर चालणारी आज्ञावली) ठरवते. विरुद्ध दिशा अशा एकत्र दाबल्या जाण्याला एसओसीडी म्हणतात. समजा, आपले पात्र उजवीकडे तोंड करून उभे आहे आणि पुढे, खाली, मग तिरके खाली-पुढे असा शोर्युकेनचा (‘स्ट्रीट फायटर’मधल्या उसळत्या ठोशाचा) क्रम द्यायचा आहे. उजवे बटण दाबून ठेवावे आणि ते न सोडता खालचे व डावे एकत्र दाबावे. डावे-उजवे परस्परांना रद्द करतात आणि गेमला केवळ ‘खाली’ दिसते. मग फक्त डावे सोडले की तिरकी दिशा आपोआप मिळते. हा क्रम पहिल्यांदा सलग दहा वेळा निघाला, तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. शेवटच्या दाबाला प्राधान्य देणारी पद्धतही फर्मवेअरमध्ये असते, परंतु कॅपकॉम प्रो टूर या ‘स्ट्रीट फायटर’च्या अधिकृत स्पर्धामालिकेत ती २०२३ पासून चालत नाही. म्हणून सवय पहिल्या दिवसापासून परस्पर रद्द होणाऱ्या पद्धतीचीच लावावी.

बांधणी वाटते तितकी अवघड नाही. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर आरपी२०४० ही चिप असते आणि वापरण्याजोग्या २६ पिना मिळतात, त्यामुळे प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन देता येते व डायोडची गरज उरत नाही. बोर्डावरचे बूटसेल बटण दाबून धरून केबल जोडली की संगणकाला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात जीपी२०४०-सीई या मुक्त-स्रोत फर्मवेअरची फाइल टाकली की काम झाले. स्विच मागवताना मात्र चूक होते. चॉकच्या व्ही१ आणि व्ही२ या आवृत्त्यांचे मधले भोक व कीकॅपची दांडी वेगळी असते, म्हणून पीसीबी (स्विच बसवायचा छापील सर्किट बोर्ड) कोणत्या आवृत्तीसाठी आखला आहे ते आधी पाहावे. संगणकावर खेळत असाल तर पुढे काही अडचण येत नाही. पीएस५ मात्र अधिकृत ओळख मागतो, त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

सोल्डरिंग कधी केले नसेल, तर आधी टाकाऊ बोर्डावर हात बसवावा. माझ्या पहिल्या कंट्रोलरचे ‘खाली’ बटण सामन्याच्या ऐन मध्यावर अधूनमधून सुटत असे आणि आठवडाभर मी स्वतःच्या बोटालाच दोष देत राहिलो. शेवटी मागची पाटी उघडली, मल्टिमीटरचे एक टोक स्विचच्या पायावर आणि दुसरे पिकोच्या पिनेवर टेकवले, आणि बटण जरा हलवताच बीप तुटत असल्याचे ऐकू आले. त्या पायाभोवतीचा सांधा चकचकीत न दिसता राखाडी, दाणेदार दिसत होता. फ्लक्स लावून तो पुन्हा तापवला, सोल्डर पायाभोवती नीट पसरू दिले, आणि त्यानंतर ते बटण एकदाही सुटलेले नाही. कोणती पिन कोणत्या बटणाची, हे आराखड्यात उघड लिहिलेले होते, म्हणूनच दोष दहा मिनिटांत सापडला.