जुनं घर, नवी इलेक्ट्रिक गाडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गाडी दारात येते तेव्हा शोरूमचा माणूस चार्जर हातात देतो आणि ‘पंधराच्या पॉइंटला लावा’ म्हणतो. नव्या बांधकामात ते बहुतेकदा निभावतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या घरात तो पॉइंट आधी नीट तपासावा लागतो. या वेळचे सगळे प्रश्न अशाच घरांतून आलेले आहेत.

सदाशिव पेठेत आमचं १९६० च्या सुमाराचं घर आहे. वायरिंग लाकडी पट्ट्यांमधलं, अजून तसंच. बाथरूमजवळ गीझरचा १५ अँपिअरचा पॉइंट आहे आणि गाडी त्याच भिंतीपलीकडे उभी राहते. चार्जर तिथे लावला तर चालेल ना?

नाही, तिथे लावू नका. सॉकेटवर १५ छापलेलं असलं तरी मागची वायर तेवढा भार पेलेलच असं नाही. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, तेही पंधरा-वीस मिनिटं. पाणी तापलं की थर्मोस्टॅट बंद होतो आणि वायरही निवते. गाडीचा ३.३ किलोवॅटचा चार्जर १४-१५ अँपिअर ओढतो आणि ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर नऊ-दहा तास सलग ओढत राहतो. तुमच्या घरातल्या वायरिंगवर असा भार आजवर कधी आलेला नसणार.

तारेइतकीच काळजी सांध्यांची करा. सॉकेटच्या एखाद्या सैल स्क्रूखाली ०.२ ओहम रोध तयार झालाय असं धरू. गीझरच्या नऊ अँपिअरला तिथे १६ वॅट उष्णता निघते. गाडीच्या पंधरा अँपिअरला तीच ४५ वॅट होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुना चाळीसचा बल्ब सॉकेटच्या डबीत कोंडून रात्रभर पेटता ठेवावा, तसं हे आहे. आणि ती डबी लाकडी पट्टीला चिकटलेली आहे. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) किंवा फ्यूज यात काहीच करत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

मेन बंद करून वायरमनला तो बोर्ड उघडायला सांगा. रबराच्या आवरणाची जुनी वायर हलकेच वाकवली की रबराचा चुरा पडतो. पिनच्या भोकांभोवती तपकिरी डाग असेल, तर तिथे आधीच ताप झालेला आहे. वायर अ‍ॅल्युमिनिअमची निघाली तर आणखी जपा. अ‍ॅल्युमिनिअम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि सांधा आपोआप सैल होतो.

यासाठी सगळं घर फोडायची गरज नाही. मीटरपासून थेट, फक्त गाडीसाठी, वेगळी लाइन ओढून घ्या: तांब्याची ४ स्क्वेअर एमएम वायर, मध्ये एकही सांधा नाही, स्वतःची एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि शेवटी इंडस्ट्रिअल सॉकेट. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर चार्जिंग तिथेच थांबवा.

रत्नागिरीजवळ आमचं जांभ्या दगडाचं घर आहे. चार्जर लावला की अर्थिंगचा लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून दिले. आता दिवा हिरवा आहे आणि गाडी चार्ज होते. हे योग्य आहे का?

हे उत्तर वाचलंत की आधी ती जोडणी काढायला लावा. तोपर्यंत गाडी चार्ज करू नका आणि प्लग लावलेला असताना तिला हात लावू नका.

चार्जरला अर्थ सापडत नव्हती म्हणून तो अडून बसला होता. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. न्यूट्रल जोडल्यावर त्याला अर्थ असल्याचा भास झाला, प्रत्यक्षात जमिनीत काहीच गेलेलं नाही. आता खांबावर, मीटरमध्ये किंवा एखाद्या जुन्या सांध्यात न्यूट्रल तुटली, तर फेजचा प्रवाह चार्जरमधून न्यूट्रलवर येतो, तिथून अर्थच्या पिनवर आणि पिनवरून गाडीच्या पत्र्यावर. टायर रबराचे असल्यामुळे गाडी तशीच वीज घेऊन उभी राहते. पावसात ओल्या अंगणात कुणी अनवाणी दाराच्या कडीला हात लावला, की वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते. कोकणात वाऱ्यापावसात तारा तुटणं काही दुर्मीळ नाही. शिवाय जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेले बऱ्याचदा सापडतात. तसं असेल तर तार तुटायचीही गरज नाही, पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात.

खरी अर्थिंग करून घ्या. जांभा आणि कातळ वीज सहज वाहू देत नाहीत, त्यामुळे नुसती सळई ठोकून भागत नाही. जिथे माती खोल आहे आणि ओल टिकते, विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्याजवळ, तिथे खड्डा घ्या. तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइटचं, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचं, मिश्रण घाला. जुनी कोळसा-मिठाची पद्धतही चालते, पण मीठ पावसात धुऊन जातं आणि लोखंडाला खातं, म्हणून दर उन्हाळ्यात तपासणी लागते. एका रॉडने भागलं नाही तर थोड्या अंतरावर दुसरा टाकून दोन्ही जोडा.

मोजणी अर्थ टेस्टरने करायला सांगा, तीही एप्रिल-मे मध्ये, जमीन कोरडी असताना. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगली ठरत नाही. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की निकामी अर्थिंगवरही तो आकडा दिसू शकतो. पाच ओहमच्या आत आलात तर उत्तम. तरीही आरसीसीबी लागेलच. पाच ओहमला २३० व्होल्ट म्हणजे ४६ अँपिअर, आणि तेवढ्यावर ३२ ची एमसीबी झटकन पडत नाही. माणूस वाचवायचं काम आरसीसीबीच करते. विकत घेताना ‘टाइप ए’ मागा. गाडीच्या चार्जरमधून थोडी डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) गळती होऊ शकते आणि साधी ‘टाइप एसी’ आरसीसीबी तिच्यामुळे आंधळी होते. चार्जरमध्ये सहा मिलिअँपिअरच्या डीसी गळतीचं संरक्षण आहे का, तेही कंपनीला विचारा. नसेल तर ‘टाइप बी’ लागते. ती महाग असते, पण तिथे पैसे वाचवू नका.

कोल्हापूर: तुमच्यासारख्यांचं ऐकून मेन बोर्डावर आरसीसीबी बसवली. आता गाडी नसतानाही ती दिवसातून चार वेळा पडते. वायरमन म्हणतो, काढून टाका.

काढू नका. जुन्या घरांत दोन-तीन खोल्यांच्या न्यूट्रल एकत्र बांधलेल्या असतात, किंवा कुठेतरी ओल धरलेल्या भिंतीतून गळती होत असते. आरसीसीबी तेच दाखवते आहे. गाडीची लाइन मीटरनंतर लगेच वेगळी काढून तिला तिची स्वतंत्र आरसीसीबी द्या, म्हणजे चार्जिंग अडणार नाही. उरलेल्या घराचं एकेक सर्किट सोडवून मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाची गळती मोजणाऱ्या यंत्राने, तपासा. कुठलं सर्किट गळतंय ते असं सापडतं.

नाशिकला आमचा जुना बंगला आहे, सिंगल फेज मीटर. ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर घ्यावा का? थ्री फेज करावं लागेल का? आणि बिल किती वाढेल?

आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत तिचा आतला चार्जर किती किलोवॅटचा आहे ते बघा. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ चा लावून एक मिनिटही वाचणार नाही.

मग रोजचं अंतर बघा. साधारण गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. रोजचे ५० किलोमीटर म्हणजे सात-आठ युनिट. ३.३ च्या चार्जरला त्यासाठी अडीच-तीन तास पुरतात आणि तुमच्याकडे सगळी रात्र असते. गावात फिरणाऱ्या बहुतेकांना ७.२ ची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी हवाच असेल, तर तो एकटा ३१ अँपिअर ओढतो. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तो दोन-तीन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा. गीझर, एसी आणि पाण्याचा पंप धरून बेरीज मोठी होत असेल तर थ्री फेजच घ्या. मीटरजवळ किटकॅट (चिनी मातीचा, तार घालायचा जुना) फ्यूज असेल तर तोही बदलून घ्या. वायर ६ स्क्वेअर एमएम. अंतर ३० मीटर असेल तर ३२ अँपिअरला तिच्यात सहा व्होल्टच्या वर घट होते, म्हणून लांबच्या गॅरेजसाठी १० ची टाका.

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. मात्र महिन्याला दोनशे युनिट वाढले की शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे ओलांडत वरचे युनिट महाग पडतात. ईव्हीसाठी वेगळा मीटर मिळतो, पण त्याचा स्थिर आकारही वेगळा असतो. चालू दरपत्रक घेऊन दोन्ही हिशेब मांडा, मगच अर्ज करा.

दादरला पागडीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी खाली अंगणात. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडला तर?

नको. चार्जिंग केंद्रांसाठीच्या केंद्रीय नियमांत एक्स्टेन्शन वापरायला मनाई आहे, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं आणि गाडी चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत हवी. घरीही हेच धरून चाला. मुंबईत पाणी तुंबतं, तिथे उंचीचा नियम फार मोलाचा आहे.

मीटर बहुधा तळमजल्यावरच असतील. तुमच्या मीटरपासून पाइपमधून आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल पार्किंगपर्यंत न्या आणि सॉकेटला कुलपाची पेटी लावा. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. केबलचा मार्ग कागदावर काढून दाखवला की शेजाऱ्यांचा विरोधही पुष्कळ मावळतो. जिन्याच्या लाकडी कठड्यावरून मात्र केबल नेऊ नका. आग लागली तर सगळ्यांना उतरायची वाट तीच असते.

सोलापूर: आमची फक्त स्कूटर आहे. तिलाही एवढं सगळं लागेल का?

नाही. बहुतेक स्कूटरचे घरगुती चार्जर एक किलोवॅटच्या आत असतात. चांगली अर्थिंग आणि आरसीसीबी असलेला कुठलाही धडधाकट तीन पिनांचा पॉइंट चालतो. प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांत बसवू नका. स्कूटर किंवा काढलेली बॅटरी घराच्या एकमेव दरवाज्यासमोर किंवा जिन्याखाली चार्जिंगला ठेवू नका. उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्या आणि मग प्लग लावा.