लिस्बन, सिंगापूर की दुबई?

प्रश्न : ताई, नमस्कार. नवी मुंबईत महापेच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम मी घरून करते. कंपनीने तीन महिने परदेशातून काम करायला परवानगी दिली आहे. आम्ही दोघांनी लिस्बन, सिंगापूर आणि दुबई अशी तीन नावं काढली आहेत. इंटरनेट स्पीडच्या याद्यांत सिंगापूर कायम वर दिसतं. नुसता इंटरनेटचा विचार केला तर कुठे जावं?
ता. क. काम सगळं रिमोट डेस्कटॉपवर, सर्व्हर महापेलाच आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ताजा कलमात आहे. सर्व्हर महापेला, म्हणजे तुम्ही जगात कुठेही बसलात तरी प्रत्येक क्लिक महापेला येणार आणि तिथून परत जाणार. अकरा वर्षं मी नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये नेटवर्क सांभाळते आहे. 'स्पीड तर भरपूर आहे, मग अडकतंय का?' हा फोन मला दर आठवड्याला येतो.

व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. ३०० असले काय नि १,००० असले काय, तुमच्या कामाला फरक पडत नाही. फरक पडतो पिंगने, म्हणजे क्लिक तिथे जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याने. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लिस्बन सरळ रेषेत जवळपास ८,००० किलोमीटर, जाऊन-येऊन १६,०००. म्हणजे ८० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे, ते कुठल्याही प्लॅनने कमी होत नाहीत. त्यात केबल सरळ जात नाही. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घालते. सिंगापूरला हाच हिशेब ३९-४० वर येतो, दुबईला २० वर. प्रत्यक्षात सगळीकडे याहून जास्तच लागतात.

काल रात्री जेवणानंतर वर्तकनगरच्या घरून पिंग लावून बसले. महापे : ५, ५, ६, ५, १८०, ५. तो मधला १८० बघा. सरासरीत तो लपतो, पण 'हॅलो, आवाज तुटतोय' होतं ते नेमकं त्याच्यामुळे. एकसारखे १३० मिलिसेकंद हाताला सवयीचे होतात. मधूनच उसळणारा आकडा माणसाला रडवतो. माझ्याकडे तो राउटर आतल्या खोलीत असल्यामुळे येत होता. लॅपटॉपला केबल लावली आणि थांबला.

म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम : दुबई, मग सिंगापूर, मग लिस्बन. दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, तेव्हा घरच्यांशी आणि ऑफिसशी कशावरून बोलायचं ते निघण्याआधी ठरवा. युरोपची वाट एकाच चिंचोळ्या समुद्रातून जाते, हेही लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा आमच्या स्क्रीनवर युरोपकडचे आकडे चढलेले मी स्वतः पाहिले आहेत. लिस्बनला जायचंच असेल तर पोर्तुगालने २०२२पासून अशा कामासाठी वेगळा व्हिसा ठेवला आहे. व्हिसाची चौकशी तिन्ही ठिकाणांची करा, पर्यटक व्हिसावर काम करण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि शहर ठरलं तरी घर ठरायचं असतं. पैसे भरण्याआधी घरमालकाकडून दोन फोटो मागवा : फायबर भिंतीतून आत येतं त्या डबीचा, आणि तिथल्या रात्री आठ वाजता, तुम्ही बसणार त्याच टेबलावर घेतलेल्या स्पीड टेस्टचा. त्यात अपलोडचा आकडा आधी बघा. लाईट गेली तर राउटर किती वेळ चालेल, तेही विचारा. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई-ठाणे अंधारात गेलं, तेव्हा आमचं डेटा सेंटर जनरेटरवर सुरू होतं आणि माझ्या घरचा राउटर मात्र बंद. त्यानंतर मी राउटरपुरता छोटा यूपीएस घेतला. तुम्हीही बॅगेत टाका.

प्रश्न : माझा मुलगा बर्लिनला असतो. तो म्हणतो, आई, आपल्या ठाण्यातलं इंटरनेट बरं. जर्मनीसारख्या देशात असं कसं?
– एक आई, नौपाडा

उत्तर : तो खरं सांगतोय. जर्मनीत घरोघर तांब्याच्या टेलिफोनच्या तारा होत्या, आणि चांगल्या होत्या. तिथल्या कंपन्यांनी बरीच वर्षं त्यांच्यावरच वेग वाढवत नेला, घरापर्यंत फायबर न्यायला उशीर केला. बुखारेस्टमध्ये उलट झालं. तिथे पोरांनी शेजारच्या इमारतींत तारा ओढून आपापली नेटवर्कं उभी केली, पुढे त्यांचीच मोठी फायबर जाळी झाली. आपल्याकडे केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर तारा नेल्या, तसंच काहीसं.

मुलाला सांगा, घर बदलताना 'इंटरनेट आहे का' एवढंच विचारू नकोस. तार घरापर्यंत फायबरची आहे की तळमजल्यापासून वर तांब्याची, ते विचार.